मोटारीतल्या चार आसरा

सिकंदराबाद,
मंगळवार, १२ जानेवारी १९३७

राजमान्य राजश्री कारभारी दाजी यांस,

बद्रीनाथचा रामराम. इकडे मी आणि तिकडे मोटार, दोघेही धडधाकट आहोत असं धरून लिहायला बसलो आहे.

मोटार घेऊन तुम्ही राजूरला सुखरूप पोहोचलात हे तुमच्या पत्रावरून कळलं. वाटेत तीनदा रस्ता चुकलात आणि एकदा म्हशीला धडकलात, हे मात्र पत्रात नव्हतं. ते अक्कानं निरोप्याबरोबर कळवलं. बहीण तुमच्या घरात दिली असली तरी बातम्या मला बराबर मिळतात, हे ध्यानात असू द्या.

गाडी जुनी आहे, पण खानदानी आहे. अकरा वर्षं तिनं इथल्या छावणीत बेकरीचे पाव पोहोचवले. आता ती जालन्याहून राजूरच्या गणपतीला भक्त पोहोचवणार. म्हातारपणी तिच्या नशिबात पुण्य लिहिलेलं होतं, ते तुमच्या हातून मिळतंय. फक्त तिची निगा राखा. पुढच्या टाकीत रोज पहाटे पाणी पाहा. तुम्ही ते विसरता, दोन महिने मी शिकवत होतो तेव्हाही विसरत होता.

आता मुख्य गोष्ट. इंजिनावरचं झाकण उचललं की वरच पांढऱ्या चिनी मातीचे चार प्लग ओळीनं उभे दिसतील. आपल्याकडं नदीकाठी आसरादेवींचे दगड जसे ओळीनं मांडलेले असतात, तसे. त्या चार बायाच आहेत असं समजा. प्रत्येकीच्या तोंडाशी ठिणगी पडते, ठिणगीनं पेट्रोल पेटतं, आणि त्या जोरावर गाडी चालते. एक रुसली तर उरलेल्या तिघी कण्हत-कुंथत ओढतात. दोघी रुसल्या की उतरून ढकलायचं. म्हणून मंगळवारी-शुक्रवारी त्यांची विचारपूस करत जा. त्या चौघी प्रसन्न तर मोटार प्रसन्न.

हे पत्र तुम्ही आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ओट्यावर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचणारच. तेव्हा अक्काला आणि तुमच्या मातोश्री गोजरमावशींना इथूनच दंडवत. मावशी, लेक ड्रायव्हर झाला, आता त्याला नजर लागू देऊ नका.

तुमचा मेहुणा,
बद्रीनाथ

---

राजूर,
शनिवार, ६ फेब्रुवारी १९३७

चि. बद्रीनाथ यास,

अनेक आशीर्वाद. तुझी अक्का तुळजाबाई, आई, थोरले बंधू कडूबादादा, सगळी खुशाल आहेत. आजारी आहे ती तू माझ्या गळ्यात बांधलेली पावाची गाडी.

दुखणं असं आहे. सकाळी हँडल मारलं की ती चालू होते, नाही असं नाही. पण चालू होते ती अंगात आल्यासारखी. सगळं धूड हलतं, बाकांवर बसलेल्या माणसांचे दात वाजतात, आणि मधूनच ठेका चुकतो. धड, धड, फुस्स, धड. गावाबाहेरच्या ओढ्याची चढण आली की बाईसाहेब थांबल्याच. मग उतारू खाली उतरतात आणि ढकलतात. मागं एक म्हातारी मला सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, म्या गाडीत बसून चालले का गाडीला घेऊन चालले?"

नवल याचं वाटतं, की दुपारी उन्हं तापली की हीच मोटार शहाण्या पोरीसारखी जालन्यापर्यंत जाते. आणि काही दिवस तर सकाळपासूनच गुण्यागोविंदानं चालते. मग एखाद्या सकाळी पुन्हा अंगात येतं. आता असल्या सकाळी मी ओढ्यावरूनच परत फिरतो, दुपारपर्यंत घरीच बसतो. झाकण उघडून तिला ऊन दाखवतो आणि वाट पाहतो.

मी काहीही केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पेट्रोल जालन्याहून आणतो ते अस्सल. धूर जरासा पांढरा येतो आणि त्याला घरातल्या चिमणीसारखा वास असतो, तेवढंच. तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं करतो. टाकीत पाणीही आठवलं की घालतो.

कडूबादादांना मोटार पहिल्यापासूनच पटलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. ते तिला पावाचा डबा म्हणतात. काल म्हणाले, "बैलाला चारा टाकला का तो चालतो. ही मोटार हाये का रुसलेली नवरी?" जल्दी उत्तर दे.

तुझा,
कारभारी

---

सिकंदराबाद,
गुरुवार, ११ फेब्रुवारी १९३७

दाजींस रामराम.

पत्र वाचून कारखान्यातले आम्ही चौघं पोट धरून हसलो. त्या म्हातारीला माझा नमस्कार सांगा.

आता एक विचारतो, रागावू नका. घरातल्या चिमणीत आपण काय घालतो? पेट्रोल घालत नाही, राकेल घालतो. मग मोटारीच्या धुराला चिमणीचा वास कुठून आला? पेट्रोलमध्ये किती राकेल मिसळता ते खरं सांगा. वैद्यापासून आणि मेकॅनिकपासून लपवू नये. आजच ते बंद करा, टाकी रिकामी करून पेट्रोल जाड फडक्यातून गाळून भरा.

राकेलनं मोटार खोकते, पण रोज खोकेल. एक दिवस खोकायचं आणि दुसऱ्या दिवशी गाणं म्हणायचं, हे राकेलचं काम नव्हे. म्हणून पुढची परीक्षा करा. इंजिन चालू ठेवा. लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार, घ्या. त्याचं पातं एका प्लगच्या शेंड्याला आणि इंजिनाच्या लोखंडाला एकदमच टेकवा, म्हणजे त्या प्लगची ठिणगी तोंडात न पडता लोखंडात पळून जाईल. तसं केल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर ती बाई कामाची होती असं समजा. काहीच फरक पडला नाही, तर तीच रुसलेली. चौघींना एकेक करून असं विचारा. मूठ लाकडाचीच हवी. हे दोनदा वाचा.

तुमचा,
बद्रीनाथ

---

राजूर,
बुधवार, २४ फेब्रुवारी १९३७

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र ओट्यावर वाचायला घेतलं आणि राकेलपाशी येऊन मी अडखळलो. पुढचं गाळावं असा विचार केला, तर आई म्हणाली, "थांबला काऊन? पुढं वाच." वाचावं लागलं. कडूबादादांनी ऐकलं, गावानं ऐकलं. थोडंसंच मिसळत होतो रे, बाटलीभर. आता बिलकुल बंद. धूर गेला, वास गेला, दुखणं मात्र तसंच आहे.

परीक्षा आजच केली. मूठ लाकडाची हवी हे तू दोनदा वाचायला सांगितलं होतंस. दुसऱ्यांदा मी ते झटका बसल्यावर वाचलं. हात कोपरापर्यंत मुंग्या आल्यासारखा झाला आणि तुझी अक्का पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. मग लाकडी मुठीचा पेचकस आणला. चौघींना एकेक करून विचारलं. प्रत्येकीला टेकवलं की इंजिन लंगडतं, सोडलं की सुधारतं. म्हणजे चौघीही कामाच्या. दाढ दुखते म्हणून वैद्याच्या दारात जावं आणि तिथं तिनं दुखायचंच थांबावं, अशी गत झाली.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. प्लगांच्या बुडाशी खळग्यांत लालसर गंज साठलेला आहे. बोटाला लागतो. आणि तिथंच तांदळाचे दोन-तीन दाणे सापडले. उतारूंच्या पिशवीतून उडाले असावेत.

आता महत्त्वाचं. काल संध्याकाळी दादा ओट्यावर चार माणसांदेखत म्हणाले, "शिमग्यानंतरची संकष्टी मंगळवारी आली हाये, अंगारकी. त्या दिशी चंद्र उगवायच्या आत जालन्याहून राजूरला चार खेपा कर. केल्या तर मोटार तुझी, म्या तोंडातून शबुद काढणार न्हाई. न्हाई झाल्या तर पाडव्याला मोटार इकायची आन् तू औताला लागायचं." मी भरीस पडून हो म्हणालो. आई तिथंच तांब्या घासत बसली होती.

बद्री, मला औताची लाज नाही. आपलं बापजाद्यांचं काम आहे ते. पण पस्तीस वर्षांत एकच गोष्ट मी स्वतःच्या मनानं केली, ती ही मोटार. हँडल मारून ती चालू झाली की मला अजून पहिल्या दिवसासारखं वाटतं. ती हातची जाऊ देऊ नकोस.

तुझा,
कारभारी

---

सिकंदराबाद,
सोमवार, १ मार्च १९३७

दाजींस रामराम.

रोग सापडला. लाल गंज आणि तांदूळ! दाजी, तुमच्या इंजिनात उंदीर राहतो. रात्री गरम लोखंडावर येऊन झोपतो, तांदूळ आणून खातो, तारा कुरतडतो. आणि प्लगाच्या बुडाशी जो गंज आहे ना, तो त्याच्या मुताचा. हात स्वच्छ धुवा. तारांवर कुरतडल्याच्या खुणा पाहा आणि मोटारीखाली पिंजरा लावा, नाहीतर एखादं मांजर पाळा. छावणीत असली दोन गिऱ्हाइकं मी बरी केलेली आहेत.

तरीही खात्रीसाठी एक काम करा. भिंतीवर कोळशानं रोजचा वार लिहा आणि त्याच्यापुढं त्या सकाळी मोटार कशी चालली ते मांडा. बरी असेल तर टिंब, लंगडली तर फुली. आठ दिवसांत दुखण्याची चाल कळते. उंदीर काही वार पाहून येत नाही.

अंगारकीची काळजी करू नका. त्या दिवशी मोटार चारच काय, पाच खेपा करील. नाही केल्या तर मी सिकंदराबादेहून येऊन तुमच्याबरोबर औत धरीन.

बद्रीनाथ

---

राजूर,
शनिवार, १३ मार्च १९३७

चि. बद्रीनाथ,

औत धरायची तयारी कर.

तुझं पिंजऱ्याचं ओट्यावर वाचलं मात्र, आई कडाडलीच. "गणपतीच्या गावात उंदराला पिंजरा? तुझ्या मेव्हण्याला सिकंदराबादेचं पाणी बाधलं." शेजारच्या सोनूबाईनंही दोन शब्द ऐकवले. तारा मी दिवा धरून पाहिल्या, एकही कुरतडलेली नाही. उंदीर निर्दोष आहे. त्याची माफी माग.

पण फुल्या-टिंबांची तुझी युक्ती खरी. भिंतीवर मांडत गेलो. शुक्रवार फुली. शनिवार, रविवार, सोमवार टिंब. मंगळवार फुली. बुधवार, गुरुवार टिंब. मी भिंतीसमोर उभा राहिलो आणि अंगावर काटा आला. मोटारीला वार कळतो! मला वाटलं, कुणीतरी करणी करून राह्यलंय. दादांचा संशय आला, हे लिहिताना लाज वाटते.

काल शुक्रवारी पहाटे उठून कडब्याच्या गंजीआड जाऊन बसलो. झुंजुमुंजू झालं तसं घराचं दार वाजलं. आई बाहेर आली. न्हालेली, एका हातात तांब्या, एका हातात ताट. मोटारीपाशी गेली, झाकण उचललं, देव्हाऱ्याचं दार उघडावं तसं. मग पहिल्या प्लगावर पळीभर पाणी, दुसऱ्यावर पळीभर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. हळद, कुंकू, अक्षता, वर एकेक फूल. हात जोडले, फुलं उचलून घेतली, झाकण लावलं आणि घरात गेली.

तुझा गंज म्हणजे कुंकू, बद्रीनाथ. उंदराचं मूत म्हणून मी ते माती लावून धुतलं, देव मला काय म्हणेल?

आत जाऊन मी तुझं संक्रांतीच्या आधीचं पत्र काढलं. "चार बाया", "आसरा", "मंगळवारी-शुक्रवारी विचारपूस". सगळं तुझ्याच अक्षरात. आणि ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचणारा मीच. मी आईला आडवळणानं विचारलं, "मोटारीची पूजा करती का तू?" ती म्हणाली, "मंग? तुझ्या मेव्हण्यानंच लिहिल्तं. आसरा पाण्याच्या देवता, त्यांना पाणी नको? ओढ्यात गाडी मागं घसरली तवा तुला खरचटलं बी न्हाई, ते कुणामुळं?" वर म्हणाली, "अंगारकीला तर चार पळ्या जास्त घालीन."

अंगारकी मंगळवारीच आहे! नको म्हणावं तर तिची श्रद्धा मोडते, करू द्यावं तर मोटार जाते. आईला मी आजवर कधी उलटून बोललो नाही आणि या वयात बोलणार नाही. हे पत्र ओट्यावर बसून नाही, शेतात बसून लिहितो आहे. आग तू लावली आहेस, तूच विझव.

कारभारी

---

सिकंदराबाद,
गुरुवार, १८ मार्च १९३७

दाजी, पहिला भाग मनात वाचा.

तीन दिवस मी कारखान्यात कुणाला तोंड दाखवलं नाही. अकरा वर्षं मोटारी दुरुस्त केल्या, पण स्वतःच्या पत्रानं बिघडवलेली ही पहिलीच. दुखणं आता उघड आहे. ओल्या कुंकवातून ठिणगी वाट काढते आणि तोंडात पडायच्या ऐवजी लोखंडात पळते. उन्हानं सुकलं की पुन्हा ठीक. सोमवारी चारही प्लग काढून, पेट्रोलनं धुऊन, कोरडे करून बसवा. बाकीचं मी बघतो. तुम्ही फक्त चेहरा गंभीर ठेवा. आता इथून पुढे ओट्यावर बसून मोठ्यानं वाचा.

तीर्थस्वरूप गोजरमावशींच्या चरणी बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार. मावशी, माझ्या हातून चूक झाली, ती पदरात घ्या. मोटारीतल्या चार बायांना मी आसरा म्हणालो, ते गमतीनं. त्या पाण्याच्या नव्हेत, त्या अग्नीच्या. चुलीतल्या विस्तवाला आपण नमस्कार करतो, हळदकुंकू दुरूनच वाहतो, पण त्याच्यावर तांब्या ओतत नाही. तसंच हे आहे. त्या चौघींना कोरड्या, धुतलेल्या फडक्यानं पुसावं आणि हात जोडावे, त्यांना एवढंच चालतं.

पाण्याची आसरा मोटारीत वेगळी आहे. ती अगदी पुढं, पितळी टोपणाच्या टाकीत बसते. तिला मंगळवार-शुक्रवार पुरत नाही, रोज पहाटे पाणी लागतं, आणि काठोकाठ लागतं. दाजी तिला वरचेवर उपाशी ठेवतात, हे मला माहीत आहे. हळदकुंकू टोपणाला बाहेरून लावावं. ही सेवा घरातल्या मोठ्या बाईनंच करायची असते. आणि अंगारकीला पहिल्या खेपेला पुढच्या बाकावर बसायचा मान तुमचा.

आपल्या पिंपळगावच्या रेणुकाईची शपथ, यातलं पाण्याचं तरी सगळं खरं आहे.

बद्रीनाथ

---

राजूर,
बुधवार, ३१ मार्च १९३७

चि. बद्रीनाथ यास अनेक, अनेक आशीर्वाद!

चार खेपा झाल्या! चौथी आली तेव्हा चंद्र उगवायला तास बाकी होता आणि देवळात आरतीची तयारी चालू होती.

पहाटे आईनं पुढच्या टाकीत काठोकाठ पाणी घातलं. टोपणाला कुंकू लावलं. मग कोरड्या पदरानं चौघींना पुसलं, एकीनंतर एक, अगदी लहान लेकराचं तोंड पुसावं तसं. मी देवाचं नाव घेऊन हँडल मारलं. बद्री, पहिल्याच फटक्याला! एक ठेका चुकला नाही. आई पुढं बसली, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. ओढ्याची चढण आली तशी तिनं डोळे मिटले. वर चढलो तेव्हा म्हणाली, "संपली?" मी म्हणालो, "संपली." मग जालन्यापर्यंत ती प्रत्येक बैलगाडीवाल्याकडं असं बघत होती, जणू गाडी तिनंच घडवली आहे.

तिसऱ्या खेपेला जालन्यात कडूबादादा उभे. कशाला आले होते ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागच्या दारानं चढले आणि बाकावर बसले. राजूरला उतरल्यावर मोटारीच्या पाठीवर बैलाला मारतात तशा दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "पाव बराबर भाजला." एवढंच. पण मला ते पुरलं. मी मोटारीमागं जाऊन डोळे पुसले, हे तुला सांगतो, ओट्यावर नाही.

चौथ्या खेपेला आत अठरा माणसं आणि मोदकांची परात होती. टाकीचं पाणी एकदाही उकळलं नाही. त्याचं श्रेय आईच्या आसरेला.

आता फुल्या संपल्या. आठवड्याचे सातही दिवस सूर्य उगवताना निघणार आणि दिवेलागणीनंतर येणार. जेवणही जालन्यातच उरकणार, तिथं गरम भजी आणि चहा मिळतो. आई खुशीत आहे. काल एवढंच म्हणाली, "आता तू काय घरी दिसायचा न्हाईस." मी हसलो.

तुझे उपकार विसरणार नाही. आता एखाद्या गमतीचं पत्र लिही, पण मोटारीवर नको.

तुझा,
कारभारी

---

राजूर,
शनिवार, ३ एप्रिल १९३७

चि. बद्रीनाथला गोजरबाईचा आशीर्वाद.

हे पत्र शाळेतले रखमाजी मास्तर लिहून राह्यले. म्या बोलते तसंच लिहा म्हणलं त्यांना. कारभाऱ्याला सांगायचं न्हाई म्हणून गणपतीची शपथ घातली हाये. तू बी कुणाला सांगू नको.

बाबा, तुझं ते अग्नीच्या बायांचं वाचलं तवा म्या आतल्या आत लई हसले. चाळीस वर्सं चूल फुकली. पाण्यानं इस्तू इझतो हे गोजरीला सिकंदराबादेहून कळवावं लागतं व्हय?

खरं सांगते. पहिल्या मंगळवारी पाणी घातलं ते मनापासून घातलं. तू लिहिल्तं म्हणून. त्या दिशी मोटार अडली आन् कारभारी दुपारलोक घरी राह्यला. म्या गरम भाकर थापली, पिठलं केलं. त्यानं पाटावर बसून तीन भाकरी खाल्ल्या. मंग ओट्यावर माझ्यापाशी बसला, लहानपणीच्या गोष्टी काढल्या. मोटार आल्यापसून तो माझ्यासमोर जेवलाच नव्हता. भल्या पहाटे जायचा, येयाचा तवा पोट भरलेलं. शुक्रवारी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा तसंच झालं. मंग मला समजलं. तिसऱ्या बारीपसून पळीभर जास्तच घातलं. तांब्या भरून कोण देयाचं माहीत हाये? तुझी अक्का. तिचा बी नवराच हाये ना तो.

मंग कडूबानं ती पैज लावली. म्या घाबरले. तांब्या घासता घासता हात थांबला. लेकाचं मोटारीवर किती मन हाये ते काय मला दिसत न्हाई? पर एकदम सोडलं तर त्याला कळल, आई जाणून करत होती. तू काहीतरी वाट काढशील म्हणून वाट बघत बसले. त्यानं मला इचारलं तवा म्हणूनच पळ्या वाढवायचं बोलले, म्हंजे त्यो तुला जल्दी लिहील. तू काढली वाट. म्या तुझी आभारी हाये. अंगारकीला त्या चौघींना म्या पुसलं ते खऱ्या भावानं पुसलं.

आता मोटार चांगली झाली आन् माझे दोन दिस गेले. मला मोटारीचा राग न्हाई. बसून आले म्या तिच्यात, लई झ्याक वाटलं. पर भाकर एकटीला गोड लागत न्हाई रे.

काही मागत न्हाई. तुला खरं ठावं असावं म्हणून लिहिलं. अन् पेट्रोल घालायचं झाकण मोटारीला कोणत्या बाजूला असतं, तेवढं कळव.

गोजरबाई

---

सिकंदराबाद,
गुरुवार, ८ एप्रिल १९३७

राजमान्य राजश्री कारभारी दाजी यांस रामराम.

चार खेपांची बातमी कळली. कारखान्यात पेढे वाटले. तुमच्या आनंदावर विरजण घालायचं जिवावर आलं आहे, पण मेकॅनिकपासून जसं लपवू नये तसं मेकॅनिकनंही लपवू नये.

आमच्या मोठ्या साहेबांना तुमच्या मोटारीचं वय सांगितलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, अकरा वर्षांचं लोखंड सातही दिवस पहाटेपासून तापवलं तर वर्षभरात तडकतं. त्याला विश्रांती लागते. आठवड्यातून दोन दिवस दुपारपर्यंत इंजिन बिलकुल चालू करायचं नाही. दिवस कोणते, तर एकमेकांच्या फार जवळ नकोत आणि फार लांबही नकोत. मी हिशेब करून पाहिला. मंगळवार आणि शुक्रवार बराबर बसतात.

आणखी एक. उपाशीपोटी किंवा भज्यांवर राहिलेल्या माणसानं दुपारी गार पडलेल्या इंजिनाचं हँडल मारलं, तर ते उलटं फिरून मनगट मोडतं. म्हणून या दोन दिवशी निघण्याआधी घरी पाटावर बसून गरम भाकर खाणं जरूर आहे. घाईनं खाऊ नये. खाल्ल्यावर ओट्यावर तासभर बसावं.

ही देवाधर्माची गोष्ट नाही, लोखंडाची आहे, म्हणून यात वाद घालू नका. कडूबादादांनाही सांगा, बैलालासुद्धा विसावा देतातच.

मोटारीच्या इतर कुठल्याही झाकणाला कुणी हात लावायची आता गरज नाही.

हे पत्र नेहमीप्रमाणे ओट्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचावं.

तुमचा,
बद्रीनाथ